छोट्या सिंथ मॉड्यूलचं वायरिंग: आधी ग्राउंड बघा

व्हीएस१०५३ सारखी, मिडीवरून आवाज तयार करणारी चिप असलेला तळहाताएवढा बोर्ड घ्यायचा, त्याला मिडी इन (मिडी म्हणजे कीबोर्डवरून सुरांचे संदेश नेणारी जोडणी) जोडायचं, ऑडिओ बाहेर काढायचा, झालं आपलं सिंथ मॉड्यूल. दिसायला एवढंच आहे, पण ते स्वच्छ वाजणार की मागे सतत किर्रर्र ऐकू येणार हे बहुतेक वेळा पॉवर आणि ग्राउंड (सर्किटचा शून्य व्होल्टचा सामाईक बिंदू) कसं जोडलंय यावरच ठरतं असं माझं ठाम मत आहे.

मिडीचं डिझाइन १९८३ चं आहे आणि ज्यांनी केलं त्यांनी हा प्रश्न तेव्हाच ओळखला होता. मिडीत व्होल्टेज वाचत नाहीत, साधारण ५ मिलीअँपचा करंट लूप असतो, तो घेणाऱ्याच्या बाजूला ऑप्टोकप्लरमधला एलईडी पेटवतो आणि पुढचं सगळं प्रकाशावर, म्हणजे कीबोर्ड आणि मॉड्यूल यांच्यात तारेचा थेट संबंधच नाही. म्हणूनच मिडी इनच्या सॉकेटची २ नंबरची पिन, जिच्यावर केबलची शील्ड येते, ती मॉड्यूलच्या ग्राउंडला जोडायची नाही, मोकळीच ठेवायची. मिडी आउटच्या बाजूला ती ग्राउंडला जाते, तेवढं पुरे.

डिन सॉकेटच्या, म्हणजे मिडीच्या त्या गोल पाच पिनांच्या सॉकेटच्या, पिना क्रमाने नसतात हे आधी डोक्यात पक्कं करा. एका कडेपासून बघितलं तर १, ४, २, ५, ३ अशा येतात, मधली २ आणि तिच्या दोन्ही बाजूंना आपल्या कामाच्या ४ आणि ५, आणि सॉकेट उलटं करून सोल्डर करायला घेतलं की डावं-उजवं बदलतं, त्यामुळे मल्टीमीटर लावून खात्री केल्याशिवाय डाग देऊ नका. ४ वरून २२० ओहमचा रेझिस्टर, तिथून ६एन१३८ ची, म्हणजे आपल्या ऑप्टोकप्लरची, २ नंबरची पिन, आणि सॉकेटची ५ सरळ ६एन१३८ च्या ३ ला. या दोन पिनांमध्ये एक १एन४१४८ डायोड उलटा टाकायचा, म्हणजे तारा चुकून अदलाबदल झाल्या तरी आतला एलईडी वाचतो.

आता ६एन१३८ ला स्वतःला ५ व्होल्ट लागतात, पण व्हीएस१०५३ चे इनपुट ३.३ व्होल्टवाले. घाबरायचं कारण नाही, ऑप्टोचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते फक्त खाली ओढतं, वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टर करतो, त्यामुळे ६एन१३८ ला ५ द्या आणि पुल-अप रेझिस्टर मात्र ३.३ ला बांधा. आणि बूट होताना व्हीएस१०५३ ची जीपीआयओ० पिन लो, जीपीआयओ१ पिन हाय ठेवली की ती थेट रिअल-टाइम मिडी मोडमध्ये, म्हणजे येणारी मिडी लगेच वाजवायला तयार, उठते.

पॉवरसाठी माझी पसंती साधा ९ व्होल्टचा अडॅप्टर आणि ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर. इनपुट ७ व्होल्टच्या वर असलं की तो नीट चालतो, १०० मिलीअँपला जेमतेम ०.४ वॅट उष्णता, हीटसिंकचीही गरज नाही. गिटार पेडलचे अडॅप्टर बरेचदा मधली पिन निगेटिव्हवाले असतात, म्हणून लावायच्या आधी मीटरने बघा आणि सुरुवातीला एक डायोड सिरीजमध्ये टाका. प्रत्येक आयसीच्या अगदी पायाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, यात कंजुषी नको.

कॉम्प्युटरच्या यूएसबीवर चालवायचा मोह होतो, होतंही काम, पण मग मॉड्यूलचा ऑडिओ त्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या मिक्सरमध्ये गेला की यूएसबीचं ग्राउंड आणि ऑडिओचं ग्राउंड मिळून मोठा लूप तयार होतो, म्हणजे ऑप्टोने जे तोडलं ते आपण मागच्या दाराने परत जोडलं, आणि माउस हलवला तरी स्पीकरमध्ये चूंचूं येतं. वेगळा अडॅप्टर लावला की हा लूप तुटतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हीएस१०५३ च्या हेडफोन जॅकचा कॉमन, म्हणजे चिपची जीबफ पिन, ग्राउंड नाहीये! तिथे साधारण १.२ व्होल्ट असतात. हेडफोन लावला तर काही बिघडत नाही कारण तो कुठेही ग्राउंड झालेला नसतो, पण तीच केबल मिक्सरला लावली की जीबफ ग्राउंडला शॉर्ट. मिक्सरसाठी लेफ्ट आणि राइट प्रत्येकी १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून काढा, पॉझिटिव्ह पाय चिपकडे, आणि केबलची शील्ड खऱ्या ग्राउंडला, जीबफला हातही लावू नका. ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी सरळ दोन वेगळे जॅक बसवावेत आणि कुठला कशासाठी ते बॉक्सवर मार्करने लिहावं.