नववीची फी कोण भरणार?

मुंबईतल्या एका खाजगी विनाअनुदानित शाळेत मी बरीच वर्षं अकाउंट्स सांभाळलं. आता त्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या मदत निधीचं काम बघते. फी परवडत नाही म्हणून आलेले अर्ज वाचायचे, पालकांशी बोलायचं, कुणाला किती मदत द्यावी ते समितीपुढे मांडायचं. यात सगळ्यात जास्त अर्ज असतात ते नववीत जाणाऱ्या मुलांचे, आणि त्यातली बरीचशी मुलं 'आरटीई'तून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या मोफत जागांवर, आलेली असतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांना सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. ऑनलाइन लॉटरी निघते, नंबर लागला की मुलाला फी नाही. शाळेला सरकार परतावा देतं. महाराष्ट्रात तो एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरलेला आहे आणि तो किती उशिरा येतो हे शाळेत हिशेब लिहिणाऱ्या कुणालाही विचारा. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत, आणि मुंबईतल्या कितीतरी जुन्या शाळा त्यातच मोडतात. तरीही ही तरतूद मला फार मोलाची वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट दिली. मुंबईच्या दाट वस्तीत अशी शाळा बहुतेक ठिकाणी असतेच, त्यामुळे इथे २५ टक्के नुसते कागदावर राहिले असते. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

पण हा हक्क आठवीपर्यंतच आहे. कायदा सहा ते चौदा वयाचा. आठ वर्षं ज्या मुलीच्या नावापुढे फीच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहिलं जातं, तिच्याच नावापुढे नववीच्या जूनमध्ये आमच्या शाळेत बेचाळीस हजार लिहिले जातात. शाळा तीच, वर्ग तोच, मैत्रिणी त्याच.

गेल्या वर्षी भांडुपहून एक आई आली होती. तीन घरचा स्वयंपाक करते, नवरा पवईत एका बिल्डिंगवर रात्रपाळीचा वॉचमन. म्हणाली, "मॅडम, आठवीपर्यंत फुकट हे माहीत होतं. पण नववीला एकदम एवढे लागतील हे कुणी सांगितलंच नाही." मुलगी बाजूला उभी होती, दप्तराचा पट्टा हातात घट्ट धरून.

अशा वेळी सगळे सहज सांगतात, अनुदानित शाळेत घाला. जवळ इंग्रजी माध्यमाची अनुदानित शाळा असेल आणि नववीत जागा असेल तर ठीक. नसेल तर आठ वर्षं इंग्रजीतून शिकलेल्या मुलीने दहावीच्या उंबरठ्यावर माध्यम बदलायचं? गणित, विज्ञानाचे सगळे शब्द नव्याने शिकायचे? मला हे पटत नाही.

मग मदतीचा अर्ज. आणि अर्ज म्हटलं की तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. आरटीईत दुर्बल घटकासाठी वर्षाला एक लाखाची मर्यादा आहे. महिन्याला आठ हजार तीनशे होतात. मुंबईत एका खोलीचं भाडं तेवढ्यात भागलं तर नशीब. वॉचमनचा पगारही याहून जास्त असतो. पहिलीत असताना कसाबसा या रेषेखाली बसलेला बाप आठ वर्षांनी वर गेलेला असतो, आणि तरी बेचाळीस हजार त्याच्या आवाक्यात नसतात. अनेक ट्रस्टही असाच एखादा आकडा धरून बसतात. शिवाय दाखला असतो सरलेल्या आर्थिक वर्षाचा. ऑगस्टमध्ये नोकरी गेलेल्या माणसाचं आजचं घर त्यात दिसतच नाही.

म्हणून आमच्या समितीत मी आग्रह धरला की दाखला हवा, पण निर्णय त्याच्यावर नको. आम्ही भाडेकरार बघतो, पासबुकाची सहा महिन्यांची पानं बघतो, घरात खाणारी तोंडं किती, कुणाचं औषधपाणी चालू आहे का, गावी पैसे पाठवावे लागतात का, ते विचारतो. घरी जाऊन टीव्ही-फ्रिज मोजत नाही. कुणाच्या घरी हप्त्यावर घेतलेला फ्रिज आहे म्हणून त्याची मुलगी शाळेतून काढावी, हा हिशेब मला मान्य नाही. पूर्ण फी माफ करण्याऐवजी बऱ्याचदा आम्ही विचारतो, "तुम्हाला महिन्याला किती जमेल?" कुणी पाचशे म्हणतं, कुणी दीड हजार. ते ठरतं, उरलेलं निधीतून.

सगळ्यात जास्त वाद होतो तो टक्क्यांवरून. देणगीदारांना हुशार मूल हवं असतं. ऐंशीच्या वरचंच, गॅदरिंगला स्टेजवर मोठा चेक देता येईल असं. त्यांची भावना चांगली असते, पण मी दर वेळी हेच सांगते: धाकट्या भावाला सांभाळून, नळाला पाणी आलं की हंडे भरून जी मुलगी अठ्ठावन्न टक्के मिळवते, तिची फी कुणी भरायची? गुणांसाठी बक्षीस जरूर द्या, वेगळं द्या. फीची मदत गरजेवरच हवी. आणि ती स्टेजवर नको. आमच्याकडे पैसे थेट शाळेच्या खात्यात जातात, पावती इतरांसारखीच निघते, वर्गशिक्षिकेलाही कळवत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. नववीच्या जूनमध्ये अर्ज घेऊन काही होत नाही, तोवर आई-बाप कर्ज काढून मोकळे झालेले असतात. म्हणून आता आम्ही सातवीच्या दुसऱ्या सत्रातच पालकांना बोलावतो आणि नववी-दहावीच्या फीचा आकडा कागदावर लिहून देतो. वडील नसलेल्या मुलांच्या आयांना बाल संगोपन योजनेचा फॉर्म भरायला लावतो. महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि मूल खाजगी शाळेत असलं तरी चालतं, हे कितीतरी जणींना माहीत नसतं. एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या मागे लागू नका, हेही सांगतो. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपयांची ती शिष्यवृत्ती चांगली आहे, पण सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. आठवीच्या डिसेंबरपर्यंत आमचा निर्णय कळवलेला असतो. नाही म्हणायचं असेल तरी तेव्हाच, म्हणजे दुसरी शाळा शोधायला हातात चार-पाच महिने राहतात.

तुमची मुलं ज्या खाजगी शाळेत जातात तिथे २५ टक्क्यांतून आलेली मुलं असतील, तर पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या सभेत एवढंच विचारा की यंदा आठवीत त्यातली किती आहेत आणि जूनमध्ये त्यांचं काय ठरलंय. भांडुपची ती मुलगी आता दहावीत आहे. तिची आई महिन्याला हजार रुपये भरते, एकही हप्ता चुकलेला नाही.