विमानतळाची एंटरप्राइझ आर्किटेक्ट होताना

सोलापुरात अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर माझी पहिली नोकरी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत, टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात होती. सूत, रंगाई, विणकाम आणि पॅकिंग या विभागांच्या नोंदी स्वतंत्र असल्यामुळे एकाच ऑर्डरचे वेगवेगळे आकडे निघत. त्यांपैकी कोणता ग्राह्य धरायचा हे ठरवून तोच सर्वांना पुरवण्याचे काम मी तिथे शिकले. पुढे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एंटरप्राइझ आर्किटेक्ट, म्हणजे संस्थेच्या सर्व संगणक प्रणालींचा एकत्रित आराखडा ठरवणारी तज्ज्ञ, म्हणून माझी निवड झाली, ती मुख्यतः याच अनुभवामुळे, असे मी मानते.

मधली काही वर्षे पुण्यात निरनिराळ्या संगणक प्रणाली एकमेकींशी जोडण्यात गेली. तिथेच टोगाफची, म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या एका प्रचलित पद्धतीची, परीक्षा दिली. तिचा पहिला भाग संकल्पनांचा आहे. दुसऱ्यात मात्र ८ प्रसंग असतात, पुस्तक पाहण्याची मुभा असते आणि उत्तराच्या योग्यतेनुसार ५, ३, १ किंवा ० गुण मिळतात. त्यामुळे तिथे नुसते पाठांतर उपयोगी पडत नाही.

मुलाखतीत मला विचारले गेले, की विमानाचे गेट ऐन वेळी बदलले तर ते कोणाला आणि कोणाकडून कळले पाहिजे? प्रवाशांसमोरचे फलक, उद्घोषणा, सामानाची वर्गवारी, ग्राउंड हँडलिंगचे कर्मचारी, पार्किंग शुल्काची आकारणी, अशी यादी लांबत जाते. स्टँड, म्हणजे विमान उभे करण्याची जागा, आणि गेट ठरवणारी प्रणाली एक, त्याची नोंद ठेवून इतरांना कळवणारा विमानतळाचा मध्यवर्ती डेटाबेस, म्हणजे एओडीबी, दुसरा; बदल करण्याचा अधिकार एकाचाच, हे माझे उत्तर होते. २७ मार्च २००८ रोजी हीथ्रोचे पाचवे टर्मिनल सुरू झाले, त्याचा दाखलाही मी दिला. तिथल्या गोंधळाची कारणे अनेक होती. त्यांपैकी एक म्हणजे चाचणीसाठी संदेश अडवणारा फिल्टर, जो काढायचा राहून गेला होता. हजारो बॅगा मागे राहिल्या.

रुजू झाल्यावरचे पहिले मोठे काम प्रत्येक प्रणालीची, तिच्या मालक विभागाची आणि जोडण्यांची नोंदवही तयार करण्याचे होते. खरेदी विभागाच्या यादीत नसलेल्या, पण रात्रपाळीचे पर्यवेक्षक रोज वापरत असलेल्या एक्सेलच्या फाइली त्यात आल्या, आणि त्या मला सर्वांत मोलाच्या वाटल्या. आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, ठराव ७५३ नुसार जून २०१८ पासून सदस्य विमान कंपन्यांनी प्रत्येक बॅगेचा माग चार टप्प्यांवर ठेवायचा आहे. त्यांतील कोणत्या टप्प्याची नोंद आमच्याकडे नेमकी कोण करते, हे मला पर्यवेक्षकांसोबत बॅगेज हॉलमध्ये उभे राहिल्यावरच समजले.

सोलापुरातून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी प्रमाणपत्राआधी काही वर्षे एखाद्या कारखान्यात किंवा रुग्णालयात प्रणाली जोडण्याचे काम करावे, असा माझा आग्रह आहे.