अमेरिकेची मुत्सद्देगिरी ढासळली, पण कधीपासून?

आंतरराष्ट्रीय राजकारण हा माझा शिकवण्याचा विषय आहे, हे कळले की हल्ली पुढचा प्रश्न ठरलेला असतो. विद्यार्थी विचारतात, लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात, आणि ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत ते जरा काळजीनेच विचारतात: अमेरिकेची मुत्सद्देगिरी खरोखर उतरणीला लागली आहे का, की ही केवळ ट्रम्प यांच्यावरची नाराजी आहे? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

उतरण खरी आहे, पण तिची सुरुवात ट्रम्प यांच्यापासून झालेली नाही. अमेरिकेचे लष्करी आणि आर्थिक बळ अजून बरेचसे शाबूत आहे. ढासळली आहे ती दुसरा देश आतून ओळखण्याची आणि एका अध्यक्षाने दिलेला शब्द दुसऱ्याच्या कारकिर्दीत टिकवण्याची क्षमता.

ही क्षमता एके काळी काय करू शकत होती, याचे उदाहरण म्हणून जॉर्ज केनन यांचे नाव नेहमी घेतले जाते आणि ते योग्यच आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोच्या अमेरिकी वकिलातीतून केनन यांनी वॉशिंग्टनला हजारो शब्दांची एक तार पाठवली. रशियन भाषा आणि इतिहास यांत ते मुरलेले होते. सोव्हिएत सत्ता कशाला घाबरते आणि कुठे थांबते, याचे त्यांनी केलेले विवेचन वरिष्ठांनी वाचले, एकमेकांना वाचायला दिले, आणि पुढच्या चार दशकांच्या धोरणाचा पाया त्यातून घातला गेला. दूर कुठेतरी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अभ्यासाला राजधानीत एवढे वजन होते.

मात्र तो काळ सुवर्णयुग होता, असे मी वर्गात कधी सांगत नाही. १९५० नंतर, सरकारात कम्युनिस्ट घुसले आहेत असा आरोप करून सिनेटर मॅकार्थी यांनी उठवलेल्या वादळात ज्यांचा बळी गेला, त्यांत चीनचे जाणकार असलेले परराष्ट्र अधिकारी होते. चीनचे तेव्हाचे सत्ताधीश चँग कै-शेक यांची राजवट आतून पोखरली आहे आणि कम्युनिस्टांचे पारडे जड होत आहे, हे जॉन सर्व्हिस आणि जॉन पेटन डेव्हिस यांनी चाळीसच्या दशकातच कळवले होते. त्यांचे निदान खरे ठरले आणि त्याचीच शिक्षा त्यांना झाली. डेव्हिस यांना १९५४ मध्ये सेवेतून काढण्यात आले. व्हिएतनामविषयीचे निर्णय घेण्याची वेळ आली, तेव्हा पूर्व आशियाबद्दल निर्भयपणे बोलणारे फारसे कोणी खात्यात उरले नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. १९७१ म्हटले की आपल्याला अमेरिकेने बंगालच्या उपसागरात धाडलेले सातवे आरमार आठवते, पण आर्चर ब्लड हे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. ढाक्यातील हे अमेरिकी महावाणिज्यदूत. पूर्व पाकिस्तानात चाललेल्या कत्तलींबद्दल आपले सरकार गप्प आहे, याचा निषेध करणारी तार ६ एप्रिल १९७१ रोजी त्यांच्या कचेरीतून गेली आणि तिच्यावर वीस अमेरिकी कर्मचाऱ्यांची नावे होती. निक्सन आणि किसिंजर यांना त्या वेळी पाकिस्तानच्या मध्यस्थीने चीनचे दार उघडायचे होते. ब्लड यांची ढाक्यातून बदली झाली, आणि जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला (आजच्या बीजिंगला) पोहोचले. या चिनी शिष्टाईचे कौशल्य मी नाकारत नाही. पण खात्याला अंधारात ठेवून व्हाइट हाउसमधील दोन-चार माणसांनी परराष्ट्र धोरण चालवायचे, ही सवय त्या यशाने प्रतिष्ठित केली. आज ती अधिक उघडपणे दिसते आणि त्यामागे किसिंजर यांचा अभ्यास नसतो, एवढाच फरक.

तरीही खरी घसरण मी १९९० च्या दशकापासून मोजतो, म्हणजे शीतयुद्ध जिंकल्यानंतर. शत्रू उरला नाही, मग त्याला समजून घेणाऱ्यांवर पैसा कशाला, असा हिशेब मांडला गेला. परदेशांत ग्रंथालये चालवून अमेरिकेची ओळख करून देणारे अमेरिकी माहिती खाते १९५३ मध्ये स्थापन झाले होते. १ ऑक्टोबर १९९९ रोजी ते बंद करून परराष्ट्र खात्यात विलीन करण्यात आले. तेव्हा अध्यक्ष डेमोक्रॅट क्लिंटन होते आणि विलीनीकरणाचा आग्रह धरणारे सिनेटर जेसी हेल्म्स रिपब्लिकन, त्यामुळे याचे माप एकाच पक्षाच्या पदरात टाकता येत नाही. मुंबईत न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन लायब्ररीत बसून ज्यांनी अभ्यास केला, त्यांना हे खाते काय काम करत होते ते वेगळे सांगायला नको. अमेरिकेच्या धोरणावर कडक टीका करणारेही तिथे वाचायला येत, आणि त्या खात्याचे यश नेमके यातच होते.

पुढे २००१ नंतर पैसा पुन्हा वाहू लागला, पण तो मुख्यतः संरक्षण खात्याकडे गेला. इराकच्या युद्धोत्तर कारभाराचा आराखडा परराष्ट्र खात्याने तज्ज्ञांना बसवून तयार केला होता. २००३ मध्ये तो बाजूला सारला गेला आणि त्याचे परिणाम सर्वांनी पाहिले. विशेष म्हणजे या असमतोलाची तक्रार सैन्याच्या बाजूनेच आली. २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी निदर्शनास आणले, की देशाचे सगळे परराष्ट्र सेवा अधिकारी मोजले तर ते सुमारे ६,६०० भरतात, आणि एका विमानवाहू नौकेच्या ताफ्यावर याहून अधिक माणसे असतात.

माझे एक निवृत्त सहकारी यावर नेहमी हरकत घेतात. त्यांच्या मते महासत्तेला मुत्सद्देगिरीची गरज लहान देशांपेक्षा कमीच असते. २०२० मध्ये इस्रायल आणि संयुक्त अरब अमिरातींचा समझोता खात्याच्या मुरलेल्या अधिकाऱ्यांनी नव्हे, अध्यक्षांच्या जावयाने घडवून आणला, मग अडले कुठे? हा मुद्दा पोकळ नाही. पण दोन बाजूंना मुळातच एकत्र यायचे असेल, तर मध्यस्थ कोणीही चालतो. कसोटी लागते ती दोघांपैकी कोणाचीच तयारी नसते तेव्हा. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारतावर निर्बंध लादणाऱ्या अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट आणि आपले जसवंत सिंह यांच्यात चर्चेच्या चौदा फेऱ्या झाल्या. त्यांतून करार एकही निघाला नाही, पण विश्वास निघाला. जुलै २००५ मध्ये जाहीर झालेला अणुसहकार्याचा करार आणि सप्टेंबर २००८ मध्ये ४५ देशांच्या अणुपुरवठादार गटाने भारताला दिलेली सवलत, हे त्या विश्वासाशिवाय शक्य झाले असते असे मला वाटत नाही. म्हणजे घसरणीच्या काळातही ते यंत्र मनावर घेतले तर चालत होते.

त्याची तुलना १० मे २०२५ शी करून पाहा. भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची बातमी जगाला अमेरिकी अध्यक्षांच्या समाजमाध्यमावरील संदेशातून कळली, आणि तिसऱ्याची मध्यस्थी झालीच नाही, असे भारताला नंतर पुन्हा पुन्हा सांगत बसावे लागले. शांतता साधली, तरी मित्रदेश दुखावला गेला. दिल्लीचा स्वभाव ओळखणाऱ्या एखाद्या जुन्या अधिकाऱ्याला विचारले असते, तर त्याने तो संदेश तसा जाऊ दिला नसता. पण दिल्लीबाबतची बेफिकिरीही एकट्या ट्रम्प यांची नाही. जानेवारी २०२१ मध्ये केनेथ जस्टर परतल्यापासून २०२३ मध्ये एरिक गार्सेटी रुजू होईपर्यंत, बायडेन यांच्या काळातच, इथले राजदूतपद दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे होते.

दिलेल्या शब्दाच्या विश्वासार्हतेविषयी फार लिहायला नको. इराणशी २०१५ मध्ये झालेला अणुकरार २०१८ मध्ये मोडला. पॅरिस हवामान करारातून अमेरिका बाहेर पडली, परत आली आणि २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याचे जाहीर केले. युनेस्कोला तर १९८४ पासून तीनदा निरोप दिला गेला. अशा देशाशी वीस वर्षांचा करार करणारा वाटाघाटीत चार वर्षांचाच विचार करणार.

२०२५ मध्ये मात्र वेग बदलला, हे मान्य करायला हवे. केनेडी यांच्या काळात १९६१ मध्ये उभी राहिलेली यूएसएड ही मदतसंस्था काही महिन्यांत मोडीत निघाली, आणि जुलैमध्ये परराष्ट्र खात्याने एका दिवसात तेराशेहून अधिक जणांना नारळ दिला.

यावर पुढचा प्रश्न येतो तो चीनचा. जगभरातील वकिलाती आणि वाणिज्य दूतावासांच्या संख्येत चीनने २०१९ मध्येच अमेरिकेला मागे टाकले आणि मार्च २०२३ मध्ये सौदी अरेबिया व इराण यांचा समेट बीजिंगमध्ये झाला, हे खरे. पण चिनी राजदूतांनी अनेक राजधान्यांमध्ये स्वतःच्या तिखट भाषेने जे गमावले, तेही कमी नाही. अमेरिकेची जागा चीन जशीच्या तशी घेईल, असे मला दिसत नाही. बरीचशी जागा रिकामीच राहील आणि तुर्कस्तान, कतार यांच्यासारखे देश तिचे तुकडे उचलतील.

भरपाई होईल का, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. अमेरिकी परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षणात अरबी किंवा चिनी भाषेसाठी सुमारे ८८ आठवडे धरलेले असतात. त्यानंतर त्या प्रदेशात दोन-तीन नेमणुका झाल्या, की अधिकाऱ्याच्या मताला काही किंमत येते. जानेवारी २०२९ मध्ये येणाऱ्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी भरती सुरू केली, तरी त्या तुकडीचे अधिकारी उपयोगी पडू लागेपर्यंत २०४० जवळ आलेले असेल, आणि मध्ये एखाद्या नव्या सरकारने ती भरती पुन्हा थांबवली नाही, हेही त्यात गृहीत धरावे लागते.