दुसऱ्या भाषेचा रकाना

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज दिवसभर अकरावी सायन्सच्या अ‍ॅडमिशनच्या टेबलावर होते. इंग्रजी सगळ्यांनाच सक्तीचं. त्याखालच्या रकान्यात मराठी, हिंदी किंवा भाषेऐवजी आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान. दहातल्या आठ जणांचं पेन कुठेही न अडखळता आयटीवर जातं.

दुपारी लालबागची एक मुलगी वडिलांबरोबर आली. दहावी मराठी माध्यमातून, मराठीत ९२. फॉर्मवर मराठीपुढे पेन्सिलीची खूण होती, ती खोडलेली. खोडरबराने कागद तिथे काळसर झाला होता. वडील म्हणाले, "मॅडम, आयटीच द्या. मार्क पडतात. मराठी काय, घरात बोलतोच की."

मी समजावून सांगितलं. इंजिनिअरिंगला प्रवेश सीईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, बारावीचे फिजिक्स-मॅथ्सचे मार्क पात्रतेपुरते बघतात. भाषेत चार मार्क कमी आले म्हणून मुलीची सीट जाणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेल, पण क्लासवाल्यांनी आयटी सांगितलंय." मागे रांग खोळंबली होती. मी सही केली.

त्यांना दोष कसा देऊ? क्लासची फी हप्त्यांनी भरणारा माणूस क्लासवाल्यांचंच ऐकणार. पण ती खोडलेली खूण काही डोळ्यांसमोरून जात नाही. तिला तो विषय हवा होता.

२०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाली ती दहावीपर्यंत. सक्ती जिथे संपते तिथेच मुलांच्या हातून मराठी सुटते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते, मीही दोन खाल्ले. यंदा माझ्या मराठीच्या वर्गाची यादी एका पानात मावते. मुलं आणखी घटली तर तास कमी होतील, मग सरप्लसच्या, म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकांच्या, यादीत नाव. ही धास्ती आहेच, लपवून काय करू?

घरात बोलतो म्हणून शिकायची गरज नाही, हे मात्र मला मुळीच पटत नाही. अकरावीच्या युवकभारतीत, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकात, अनुवाद आहे, मुद्रितशोधन आहे, सूत्रसंचालन आहे. गेल्या वर्षी अनुवादाच्या तासाला एका मुलाने आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावरची इंग्रजी सूचना आणली. त्याने लिहिलं, 'उपाशीपोटी घ्यावी'. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "अरे, आजी उपास धरून बसेल! 'जेवणाआधी' लिही." मग जेवणाआधी म्हणजे किती आधी, यावर वर्ग दहा मिनिटं भांडला. घंटा झाली तरी कोणी उठेना. एका शब्दावर आजीची गोळी अवलंबून आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. घरातल्या बोलण्यात हे कधी आलं असतं?

संध्याकाळी कपाट लावत होते, तेवढ्यात ती मुलगी एकटीच परत आली. "मॅडम, आयटी घेऊन तुमच्या तासाला बसता येईल का?"

आमच्याकडे मराठी आणि आयटीचे तास एकाच वेळी असतात. नाही म्हणावं लागलं. ती मान हलवून जिन्याकडे वळली, तेव्हा मीच हाक मारून विचारलं, शनिवारी प्रॅक्टिकल नसलं तर थांबशील का अर्धा तास? म्हणाली, थांबेन.

कपाटातली युवकभारतीची जादा प्रत आणली आहे. मुखपृष्ठ निघालंय, उद्या सकाळी चिकटवून घेते.