कुंडलहून चिमठाण्याला

माझं गाव सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या शेजारचं. पत्री सरकार म्हणजे इंग्रजांविरुद्ध सातारा भागात उभं राहिलेलं लोकांचं समांतर सरकार, तुफान सेना हे त्याचं लढाऊ दल; ही नावं आमच्याकडं घराघरात. त्यामुळं धुळे जिल्ह्यातलं चिमठाणं कधीतरी बघायचंच होतं. या एप्रिलमध्ये योग आला. धुळ्याहून निघालो, सोनगीरला महामार्ग सोडला आणि दोंडाईच्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कपाशी उपटून मोकळी पडलेली रानं, मधूनच एखादं बाभळीचं झाड. लपायला म्हणून जागा नाही.

दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. १४ एप्रिल १९४४ला याच रस्त्यावर पत्री सरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि साथीदारांनी धुळ्याहून नंदुरबारला निघालेला सरकारी खजिना लुटला. साडेपाच लाख रुपये. भूमिगत चळवळ चालवायची तर पैसा लागतो, तो इंग्रजांच्याच तिजोरीतून घेतला.

चिमठाण्यात टपरीवर पाणी मागितलं. "वाईच पाणी मिळंल का?" एवढंच बोललो. बाकड्यावरच्या आजोबांनी मान वर केली. "कथाईन उनात?" म्हणजे इथल्या अहिराणी बोलीत, कुठून आलात? मी इथला नव्हे, हे त्यांना एका वाक्यात कळलं.

तांब्या तसाच हातात राहिला. खजिना लुटणारी ती माणसंही माझ्यासारखंच बोलत असणार. अहिराणी मुलखात तोंड उघडलं की परका माणूस ओळखू येतो, आणि त्या काळात एका खबरीत सगळे पकडले गेले असते. मग इथं ती टिकली कशी? डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील हे भूमिगत जोडपं याच खानदेशातलं, त्यांची साथ होती. पण तेवढ्यानं भागत नाही. कुणीतरी भाकरी थापली असेल, कुणीतरी ओसरीवर झोपू दिलं असेल, आणि विचारणाऱ्याला "आम्ही नाही बघितलं" असं तोंडावर सांगितलं असेल. लुटीच्या गोष्टी सांगताना आम्ही सातारा-सांगलीकडचे या घरांना विसरतो, याची मला तिथं खरंच लाज वाटली.

क्रांतिस्मारकापाशी बराच वेळ थांबलो. ऊन डोक्यावर होतं. तरी पाय निघेना.

दिवेलागणीला नंदुरबार गाठलं, तो खजिना जिथं कधी पोचलाच नाही तिथं. त्याच्या दीड वर्ष आधी, ९ सप्टेंबर १९४२ला, याच गावात पोलिसांच्या गोळ्यांनी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीष १५ वर्षांचा होता. माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकासमोर चप्पल काढून उभा राहिलो. फरशी अजून तापलेली होती.