मारवा अर्ध्या स्वरानं चढला होता

मागच्या वेळी माझ्या टर्नटेबलला नवा बेल्ट (मोटरवरून थाळी फिरवणारा रबरी पट्टा) बसवल्याचं मी मोठ्या खुशीत लिहिलं होतं. ते मागे घेते. त्या शनिवारी माझ्याकडे बसून ज्यांनी ख्यालगायक अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी रागांची एलपी ऐकली, त्यांना मी चुकीचा मारवा ऐकवला. इंदूरच्या माणसाचं गाणं इंदूरच्याच घरात, आणि तेही धावतं! आठवडाभर मला चैन नव्हतं.

शंका आधी आली आमच्या तबलजी मित्राला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, “ताई, आज झूमरा जरा पळतोय.” खाँसाहेबांच्या विलंबितात, म्हणजे संथ लयीत, झूमरा तालाच्या दोन मात्रांमध्ये जी ऐसपैस जागा असते तीच आखडली होती. फोनवर तीच ध्वनिमुद्रिका लावून षड्ज जुळवला, तर आमचा जवळजवळ अर्ध्या स्वरानं वर. पण एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. फोनवरची प्रत बरोबर वेगानं उतरवली असेल याची हमी कोण देणार? आणि ख्यालात षड्ज गवयाच्या गळ्याप्रमाणे, त्यामुळे नुसतं ऐकून पट्टी चढली की नाही हे ठरवता येत नाही.

म्हणून पट्ट्यांची चकती काढली. ती थाळीवर ठेवायची; वेग बरोबर असेल तर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली तिच्यावरच्या पट्ट्या थांबल्यासारख्या दिसतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० पट्ट्या लागतात, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. (२१६ पट्ट्यांची चकती ६० हर्ट्झवाल्या देशांसाठी असते, ती छापून घेऊ नका.) बैठकीतल्या एलईडीखाली काहीच कळेना, कारण तो दिवा लुकलुकतच नाही. शेवटी टर्नटेबल उचलून मागच्या खोलीत नेलं. तिथे अजून चोकवाली जुनी ट्यूबलाइट आहे, सेकंदाला शंभर वेळा लुकलुकणारी. तिच्याखाली पट्ट्या सरळ पुढे धावायला लागल्या. म्हणजे वेग जास्त होता.

किती जास्त, ते मोजायला चकतीसुद्धा लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि शंभर फेऱ्या मोजा. बरोब्बर तीन मिनिटं लागायला हवीत. मला लागली २ मिनिटं ५१ सेकंद. पाच टक्के!

कारण कॅलिपरनं सापडलं. जुना बेल्ट ०.६ मिमी जाड, नवा १.२. माझी पुली ११ मिमीची, म्हणून जाड बेल्टमुळे तिचा कामाचा व्यास ११.६ वरून १२.२ झाला. थाळीकडच्या मोठ्या व्यासाला अर्ध्या मिलिमीटरनं काही होत नाही, पण एवढ्याशा पुलीला ते फार होतं. तेव्हा बेल्ट घेताना नुसती लांबी बघू नका, जाडी आधी विचारा.

माझी मोटर डीसी आहे, तिच्या बुडाशी वेगाचा स्क्रू असतो. घड्याळजीच्या पेचकसानं केसभर फिरवायचा, शंभर फेऱ्या मोजायच्या, परत फिरवायचा. चौदाव्या खेपेला तीन मिनिटं, शून्य सेकंद. ट्यूबलाइटखाली पट्ट्या अशा थबकल्या की मी पाच मिनिटं नुसती बघत बसले.

मग सुई टेकवली, आणि तानपुरा लाटांवर बसल्यासारखा हलायला लागला. आधी वाटलं, तबकडीचं भोक मध्यावर नसेल. पण तसं असतं तर लाट दर फेरीला, म्हणजे १.८ सेकंदांनी आली असती. माझ्या दहा लाटांना एकवीस सेकंद लागत होते. थाळीच्या फेरीपेक्षा बेल्टची फेरी किंचित लांब असते, म्हणजे दोष बेल्टचाच. महाराणी रोडवरच्या जुन्या टेप दुरुस्तीवाल्या काकांनी बोट फिरवूनच सांगितलं, “मैडम, इसमें जोड़ है.” कापून चिकटवलेला बेल्ट! विकणाऱ्यानं ऑनलाइन फोटोत ती बाजू नेमकी खाली ठेवली होती. सलग ओतीव बेल्टला दुप्पट पैसे पडले तरी तोच घ्या, हे माझं ठाम मत. काकांकडे माप देऊन आलेय, दोन आठवडे लागतील.

दरबारीची बैठक तोवर पुढे ढकलते, असंच इथे लिहिणार होते. पण लिहिता लिहिता आठवलं, जुना सैल बेल्ट ड्रॉवरमध्ये आहे. रबर गरम पाण्यात आवळतं. उठले, पातेल्यात तीन मिनिटं उकळला, पुसला, बसवला. बेल्ट पातळ म्हणून वेग आता उलट पाच टक्के कमी! स्क्रू पुन्हा मागे, पुन्हा शंभर फेऱ्या.

आत्ताच मारव्याची अख्खी बाजू ऐकून उठले. लाट नाही. पंचम नसलेला तो राग, कोमल रिषभावर खाँसाहेब रेंगाळतात आणि षड्ज हातचा राखून ठेवतात. ती वाट बघायला लावणारी शांतता या वेळी पुरेपूर मिळाली. तबकडी उलटून दरबारी लावली, तर शेवटाकडे बेल्ट घसरायला लागला. उकळलेलं रबर एवढंच टिकतं.

तर या शनिवारी फक्त मारवा, एकच बाजू. मागच्या वेळी आलेल्यांनी जरूर परत या. दरबारी नव्या बेल्टवर. कुमार गंधर्वांची ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही तबकडी त्यानंतर, पण तिची तयारी आत्तापासून करा: त्यातलं एखादं पद आधी खुद्द बालगंधर्वांच्या आवाजात फोनवर ऐकून या. त्यांच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. तेवढ्यात त्यांनी काय काय बसवलंय ते कानात असू द्या, मग देवासला बसून कुमारजींनी त्यात काय शोधलं यावर बोलू.

तबलजींना निरोप: झूमरा आता चालतोय.