टाळ मोकळा सोडा, माउली

रेडिओवर भीमसेन जोशींचे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला दिंडीतलं भजन सुरुवातीला ओबडधोबडच वाटतं. निदान मला वाटलं. पट्टी इतकी चढी की माझा आवाज तिथवर पोचेना. आलाप नाही, तान नाही, आणि टाळांच्या गदारोळात गाणाऱ्याचा गळा नेमका कुठे आहे हे शोधावं लागतं. शास्त्रीय गाणं थोडंफार शिकलेला माणूस पंढरीच्या वारीला आळंदीहून निघताना नाक जरा वर करूनच निघाला होता म्हणा ना.

दिवेघाटात ते नाक खाली आलं. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, आणि त्यातच हा चढ. रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, माणसांच्या छातीचे भाते झालेले, तरी भजन थांबत नाही. कसं थांबत नाही ते तिथे पायांना कळलं. पुढच्या रांगेनं चरण म्हणायचा, मागच्यांनी तो झेलायचा, की पुन्हा पुढच्यांनी. मोठ्या अभंगाचा साचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. शेवटचा तुकडा चारच अक्षरांचा, त्यामुळे तिथे दम उरतो, आणि समोरचे तोच चरण म्हणेपर्यंत छाती भरून घेता येते. हे गाणं ऐकणाऱ्यासाठी बांधलेलंच नाही. ते चालणाऱ्यासाठी बांधलेलं आहे. दिंडीत श्रोता नावाचा माणूसच नसतो. जो तो कुठल्या ना कुठल्या ओळीत गात असतो, नाहीतर टाळ धरून असतो.

चढ्या पट्टीचंही तेच. उघड्या रस्त्यावर, ध्वनिक्षेपकाशिवाय, पितळेच्या एवढ्या आवाजातून शब्द पलीकडच्या रांगेला पोचवायचा तर गळा वरच लावावा लागतो. बैठकीत खर्ज शोभतो, इथे तो मातीत मुरतो.

माझ्या हातात टाळ आला तो जेजुरीच्या अलीकडे. आमच्या दिंडीतले मृदंगवाले काका परभणीकडचे. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि चालता चालताच म्हणाले, "माउली, मुठीत दाबू नका. टाळ मोकळा सोडा, मग तो बोलतो." दोरी बोटांत, वाटी सैल, आणि घाव पावलाबरोबर. डावा-उजवा जमला की लय मोजावी लागत नाही. तबल्याच्या मात्रा बोटांवर मोजणाऱ्याला ही मोठीच सुटका.

काकांचा दिवस कणकेपासून सुरू व्हायचा. पखवाजाच्या, म्हणजे मृदंगाच्याच, उजव्या तोंडाला शाई, तो काळा गोल लेप, कायमची असते. डाव्या तोंडाला, धुम्याला, रोज ओली कणीक थापायची. जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर पोकळ वाजतो. दुपारी ऊन तापलं की ती वाळते, मग बोट ओलं करून पुन्हा सारखी करायची. पाऊस आला तर कातडं ढिलं पडून सूर उतरतो, म्हणून काका आधी मृदंगाला प्लास्टिक गुंडाळायचे आणि स्वतः भिजायचे. थांबलो की हातोडीनं वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून पुन्हा सूर वर. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत, जोगमहाराजांनी १९१७ साली काढलेल्या, मृदंग शिकलेली पोरं आमच्यामागच्या दिंडीत होती. हात त्यांचे सफाईदार. काका शेतात वाजवत शिकलेले. मला काकांचं आवडायचं, पण हा माझा पक्षपात.

गायचं काय, हे कुणी ऐनवेळी ठरवत नाही. पहाटे काकडा, भूपाळ्या, वाटेत वासुदेव, आंधळे-पांगळे यांच्या रूपकांचे अभंग, गवळणी, हरिपाठ, त्या त्या वाराचे अभंग, रात्री कीर्तन. विणेकरी गळ्यात वीणा घालून मधोमध. त्याला गवयासारखं काही वाजवून दाखवायचं नसतं, तारा नुसत्या छेडत राहायच्या. पण वीणा जमिनीला टेकत नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग ती गळ्यात जाते. मागे डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायांच्या गवळणी वेगळ्याच, जात्यावरच्या वळणाच्या. वीणा मात्र मला बहुतेक ठिकाणी पुरुषांच्याच गळ्यात दिसली, आणि हे खटकलं ते खटकलंच. खटकले आणखी एक: गावोगावच्या स्वागत कमानींवरचे कर्णे. चित्रपटाच्या चालीवर बसवलेला अभंग भोंग्यातून कानात घुसला की अख्ख्या दिंडीचा ठेका डळमळतो.

गोल रिंगणात अश्व दौडून गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात, आणि कॅमेरेवालेही घोड्याबरोबरच निघून जातात. गाण्याच्या दृष्टीनं खरा प्रकार त्यानंतरचा, उडीचा. मधे पालखी, भोवती टाळकरी आणि मृदंगवाले. 'ज्ञानोबा-तुकाराम'चा गजर संथ उठतो, मग चढत जातो; माणसं बसतात, उसळतात, अंगच ठेका धरतं. इतक्या मोठ्या वेढ्यात पलीकडचा आवाज कानाला उशिरा येतो, कानावर विसंबलं तर सगळं फिसकटेल. म्हणून टाळकऱ्यांची नजर मृदंगवाल्यांच्या हातावर. सदाशिवनगरला मी हे कडेनं पाहिलं. आत शिरायची माझी छाती नव्हती.

मुक्कामाच्या तळावरची समाजआरती तर कुठल्याही सभागृहात ऐकायला मिळणार नाही. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, सगळ्यांचे टाळ चालू. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात सगळं बंद. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, ती एकटी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मग ते टाळ थांबतात आणि आरती होते. आजचा हा सोहळा घालून देणारे हैबतबाबा आरफळकर शिंदे सरकारांच्या पदरी सरदार होते, हे त्या एका दंडाच्या इशाऱ्यात दिसतं.

पंढरपुरात एकादशी झाल्यावर काकांबरोबर मृदंगवाल्यांच्या गल्लीत गेलो. पावसानं त्यांच्या पखवाजाचं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, गेलं होतं, नवं चढवायचं होतं. दुकानात एक तरणा पोरगा टाळांची जोडी घेत होता. कानाशी धरून वाजवायचा, मान हलवायचा, खाली ठेवायचा, दुसरी उचलायचा. दुकानदार कंटाळला होता. काकांनी न विचारता ढिगातली एक जोडी काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही घे. आणि भाव पाडून माग, सगळेच पाडतात."